काल न विकलेली कोंबडी

जिवंत कोंबड्यांच्या बाजारात स्वॅब घ्यायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोक्यात एकच होतं, आजारी कोंबडी शोधायची. मान टाकलेली, तुरा निळा पडलेला, पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली. बर्ड फ्लू म्हटलं की हेच आठवतं, पुस्तकात फोटो पण असलेच असतात. पहाटे साडेचारला आम्ही तिघं पोचलो, गाड्या खाली होत होत्या, आणि मी जवळपास तासभर पिंजऱ्यांत टॉर्च मारत फिरले पण तसा एक पक्षी दिसेल तर शपथ. सगळ्या टवटवीत, दाणे टिपतायत, एकमेकींच्या अंगावर चढतायत. शेवटी सरांनी विचारलं काय शोधतेस म्हणून. सांगितलं. ते म्हणाले, "आजारी शोधू नकोस. ज्या पिंजऱ्यात जास्तीत जास्त जातींचे पक्षी आहेत तो शोध. आणि ज्यातले पक्षी कालपासून इथेच आहेत तो शोध."

त्यातलं आधीचं मला त्याच आठवड्यात कळलं. शेवटचं वाक्य कळायला जवळपास दोन वर्षं गेली, म्हणून हे सगळं लिहितेय.

स्वॅब घेणं म्हणजे काय ते आधी सांगते. एकाने पक्षी धरायचा, पंख अंगाशी दाबून, तडफडू न देता, आणि दुसऱ्याने एक काडी घशात फिरवायची, एक मागून विष्ठेच्या वाटेत. काडी व्हीटीएमच्या, म्हणजे व्हायरस टिकवणाऱ्या द्रवाच्या, ट्यूबमध्ये, वरचा दांडा मोडायचा, झाकण, लेबल, बर्फाच्या डब्यात. प्रत्येक पिंजऱ्याला नवे ग्लोव्हज. एन९५ मास्क, गॉगल, गमबूट, आणि त्या वेषात दमट उकाड्यात दोन तास वाकून काम. धरणं हे सगळ्यात अवघड काम आहे, बदकं तर हातातून अशी सुटतात की विचारू नका. पक्ष्यांशिवाय आम्ही पिण्याच्या पाण्याचं भांडं, तोडायचा लाकडी ठोकळा, पिसं काढायच्या मशीनचा ड्रम आणि पिंजऱ्याखालचा ट्रे यांचे पण स्वॅब घ्यायचो. मला सुरुवातीला वाटायचं की हे उगाच आकडा वाढवायला आहे. पण आमच्या हाताला सगळ्यात जास्त वेळा काही लागलं असेल तर ते पाण्याच्या भांड्यात. साहजिकच आहे म्हणा, वरच्या पिंजऱ्यातली विष्ठा खाली पडते, बदक चोच बुडवतं, मग कोंबडी त्यातलंच पिते, एका भांड्यात अख्ख्या रांगेची हजेरी लागते.

आम्हाला सगळ्यांना दरवर्षी माणसांच्या फ्लूची लस घ्यावी लागायची. मी विचारलं होतं, ही तर बर्ड फ्लूपासून वाचवत नाही, मग कशाला? उत्तर ऐकून अंगावर काटा आला. तुम्हाला स्वतःला साधा फ्लू झालेला असताना बाजारातला व्हायरस पण तुमच्यात शिरला तर दोघांची गाठ तुमच्या अंगात पडायला नको, म्हणून. आणि पहिल्याच दिवशी आमचं रक्त काढून ठेवलं होतं, पुढे अँटीबॉडी दिसल्या तर त्या आधीपासून होत्या की इथे आल्यावर झाल्या हे कळावं म्हणून.

लॅबमध्ये आधी पीसीआर, म्हणजे व्हायरसच्या जीनच्या सायकलमागून सायकल कॉपी काढून तो आहे का बघायची टेस्ट. सगळ्यात पहिले मेट्रिक्स जीनचा, कारण तो सगळ्या ए टाईप फ्लूमध्ये जवळपास सारखाच असतो, त्यामुळे कुठलाही असला तरी पकडला जातो. तो पॉझिटिव्ह आला की मग उपप्रकार, एच५ आहे का, एच७ आहे का, एच९ आहे का ते बघायचं. पहिल्या खेपेचा रन चालू असताना मी स्क्रीनसमोर बसून होते आणि एका ट्यूबची रेघ एकविसाव्या सायकललाच वर चढली. रेघ ज्या सायकलला चढते तो सीटी, तो जितका कमी तितका व्हायरस जास्त, आणि २१ म्हणजे भरपूर. मी वही काढून बघितलं हा कुठला पक्षी, तर शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'निरोगी, चपळ'. ती कोंबडी मीच धरली होती आणि तिने मला चोच मारलेली.

एच९एन२ निघाला. हा बाजारातला रोजचा पाहुणा, आशियातल्या कितीतरी बाजारांत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून आहे. कोंबडीला तो सहसा मारत नाही, अंडी कमी होतात, दुसरं इन्फेक्शन सोबत असलं तर जास्त त्रास होतो, बाकी ती खातपीत असते. याचं कारण खूप छोट्या जागेत आहे. व्हायरसच्या अंगावर जे हिमॅग्लुटिनिन प्रोटीन असतं (एच५, एच७ मधला 'एच' तो हाच) ते एका ठिकाणी कापलं गेल्याशिवाय व्हायरस पेशीत शिरू शकत नाही. साध्या व्हायरसमध्ये ती जागा कापणारी एन्झाईम्स मुख्यतः श्वासनलिकेत आणि आतड्यात असतात, त्यामुळे तो तेवढ्यातच फिरतो. पण एच५ आणि एच७ मध्ये कधीकधी त्या जागेवर अर्जिनीन, लायसिन अशा अमिनो ॲसिड्सची ओळच्या ओळ घुसते, मग फ्युरिन नावाचं एन्झाईम तिला कापू शकतं, आणि फ्युरिन अंगात सगळीकडे असतं. मेंदू, हृदय, सगळीकडे. मग एका खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या दोन दिवसांत जातात. हा बदल रानटी बदकांत होताना फारसा दिसत नाही, तो होतो पाळीव कोंबड्यांच्या गर्दीत आल्यावर.

तर आजारी कोंबडी शोधत फिरणं का चुकीचं होतं ते कळलं. जो पक्ष्याला मारतो तो स्वतःच ओरडून सांगतो की मी आलोय. खरी उलथापालथ चालू असते ती न मारणाऱ्यांमध्ये.

हाँगकाँगची १९९७ ची गोष्ट मी तोपर्यंत दहा वेळा वाचली असेल, पण त्या दिवशी परत वाचली. मे महिन्यात ३ वर्षांचा एक मुलगा गेला, त्याच्यात एच५एन१ सापडला, वर्षअखेरपर्यंत १८ जणांना लागण आणि त्यातले ६ गेले. डिसेंबरच्या शेवटी तिथल्या सगळ्या, म्हणजे १५ लाखांच्या आसपास, कोंबड्या मारल्या. बाजारातल्या साधारण पाचातल्या एका कोंबडीत तो व्हायरस होता. आता मजकूर तोच, पण मला पहिल्यांदा नीट दिसलं ते त्याचं घराणं. त्याचा एच आला १९९६ मध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगदोंगमधल्या हंसांत सापडलेल्या व्हायरसच्या घराण्यातून, आणि आतले जीन्स जुळत होते लावा पक्ष्यातल्या एका एच९एन२ शी आणि छोट्या बदकातल्या, म्हणजे टीलमधल्या, एका एच६एन१ शी. हंस, लावा, टील. हे तीन पक्षी रानात एका ताटात कधी जेवतील? एकाच बाजारात एकावर एक रचलेल्या पिंजऱ्यांत मात्र रोज. त्यानंतर तिथे हंस आणि बदकं बाजारातून काढली, पुढे २००२ मध्ये लावे पण वेगळे केले, आणि त्या जुन्या मिश्रणाचा एच५एन१ परत दिसला नाही. हंसाकडचं घराणं मात्र संपलं नाही, दुसऱ्या जीन्सशी जोड्या जमवत ते पुढे जगभर पसरलं.

आता माझं स्वतःचं सॅम्पल. दुसऱ्या वर्षीचं, एका पिंजऱ्याच्या वरच्या कप्प्यात लावे आणि खालच्यात कोंबड्या होत्या तिथलं, खालच्या एका कोंबडीच्या घशातलं.

साधारण पद्धत अशी की स्वॅबमधला व्हायरस आधी अंड्यात वाढवायचा. ९ ते ११ दिवसांचं, आत गर्भ असलेलं अंडं घ्यायचं, टोचायचं, दोनतीन दिवसांनी आतलं पाणी काढायचं आणि मग सिक्वेन्स करायचं, म्हणजे त्याच्या जीन्सची अक्षरं ओळीने वाचायची. पण सरांचा आग्रह की थेट स्वॅबमधून पण करायचं, कारण अंड्यात जो जोरात वाढतो तोच उरतो, दुसरा सोबत असला तरी मागे पडून दिसेनासा होतो. फ्लूच्या व्हायरसचा जीनोम सलग नसतो, ८ वेगवेगळे तुकडे असतात, आणि सगळ्या तुकड्यांची टोकं सारखी असतात, त्यामुळे एकाच प्रायमरच्या, म्हणजे कॉपीची सुरुवात करून देणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या, जोडीने आठही वाढवता येतात. जेलवर पट्ट्या दिसल्या की जो आनंद होतो तो ज्याने केलंय त्यालाच माहीत, आणि मोठे तीन तुकडे रुसून बसले की होणारा त्रास पण.

डेटा आला तेव्हा सहा तुकडे स्वच्छ होते आणि दोन तुकड्यांमध्ये जागोजागी गडबड. एकाच ठिकाणी काही रीड्स (मशीनने वाचलेले छोटे तुकडे) म्हणतायत अक्षर ए आहे, काही म्हणतायत जी, साधारण साठ-चाळीस. आणि हे एकदोन ठिकाणी नाही, त्या तुकड्यांच्या लांबीभर. मी सरळ गृहीत धरलं की शेजारच्या ट्यूबमधलं काहीतरी सांडलं. दुसरं काही सुचलंच नाही कारण लॅबमध्ये आधी शिकवतात तेच, विचित्र दिसलं की स्वतःवर संशय घ्या. म्हणून परत आरएनए काढला, परत केलं, तेच आलं. वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवलेला दुसरा भाग वितळवून सगळं पहिल्यापासून केलं, त्या दिवशी दुसरं एकही सॅम्पल उघडलं नाही, निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम सॅम्पल न घातलेली ट्यूब) कोरा, आणि या ट्यूबमध्ये परत तेच साठ-चाळीस. यात दोन आठवडे गेले. तिसऱ्यांदा तेच आल्यावर मी सरांना कागद दाखवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "दोन आहेत हिच्यात."

एका कोंबडीच्या घशात, एकाच वेळी, दोन वेगळे एच९एन२. दोन्हींचे सहा तुकडे एकसारखे आणि दोन वेगळे. म्हणजे हे दोघं परके नव्हते, त्यांच्या आधीच्या कुणीतरी कुठेतरी तुकड्यांची अदलाबदल आधीच केलेली होती आणि आता त्यातले दोघं परत एका घशात भेटले होते.

दोन पूर्ण वेगळे व्हायरस एकाच पेशीत शिरले तर बाहेर पडणाऱ्या पिल्लांना प्रत्येक तुकड्यासाठी दोन पर्याय, आठ तुकडे, म्हणजे २५६ जुळण्या. यातल्या बहुतेक चालत नाहीत, कारण तुकड्यांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागतं, पॉलिमरेजचे, म्हणजे कॉपी काढणाऱ्या एन्झाईमचे, तीन भाग एका विचाराचे असावे लागतात, नाहीतर कॉपीच नीट होत नाही. त्यात परत हे पॉलिमरेज कॉपी करताना चुका करतं आणि केलेली चूक तपासत नाही, म्हणजे जुळणी सोडून अक्षरं पण बदलत राहतात. बहुतेक चुका व्हायरसलाच मारक. पण बाजारात फासा एकदा पडत नाही ना, रोज पडतो, हजारो घशांत पडतो, आणि उद्या नवीन गाडी येते.

मी आठ तुकड्यांच्या आठ वंशावळी काढल्या, मोठ्या कागदावर छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि आमच्या सॅम्पल्सना रंग दिले. एकाच व्हायरसचा लाल ठिपका एका झाडावर वरच्या फांदीवर, दुसऱ्यावर मधे, तिसऱ्यावर पार तळाशी. घरातल्या एकाच माणसाच्या डोळ्यांचे आजोबा वेगळे आणि नाकाचे वेगळे असावेत तसं. मी एरवी ज्याला 'एक व्हायरस' म्हणत होते तो म्हणजे तात्पुरती जमलेली आठ जणांची टोळी होती, हे डोक्याने माहीत होतं, पण त्या भिंतीसमोर उभं राहून जे वाटलं ते वेगळं.

एच७एन९ असाच जमला. ३१ मार्च २०१३ ला चीनने जाहीर केलं, शांघाय आणि आनहुईमधले पेशंट. एच एकीकडून, एन (व्हायरसच्या अंगावरचं दुसरं प्रोटीन, न्यूरामिनिडेज) दुसरीकडून, आणि आतले सहाच्या सहा तुकडे कुठून तर एच९एन२ कडून. तोच रोजचा पाहुणा. आणि कोंबड्यांना काही होत नव्हतं, एकही मरत नव्हती, माणसंच आधी आजारी पडत होती. म्हणजे नेहमी कोंबडी मरून आपल्याला सावध करते ती सोयच गेली. पुढच्या काही वर्षांत दीड हजारांहून जास्त माणसांना तो झाला आणि ज्यांची नोंद झाली त्यांतले जवळपास ३९ टक्के गेले. २०१३ च्या एप्रिलमध्ये शांघाय, हांगझोऊ, हुझोऊ, नानजिंग इथले जिवंत पक्ष्यांचे बाजार बंद केले आणि नवीन केसेस ९७ ते ९९ टक्के कमी झाल्या. इतकं सरळ उत्तर साथीच्या रोगात क्वचित मिळतं. पण बाजार परत उघडले, थंडीत व्हायरस परत आला, आणि २०१६-१७ च्या पाचव्या लाटेत त्याच्या कापायच्या जागी ती मघाशी सांगितलेली जादाची अमिनो ॲसिड्स घुसली, आता तो कोंबड्यांना पण मारायला लागला. २०१७ च्या सप्टेंबरपासून चीनमध्ये पक्ष्यांना एच५-एच७ ची एकत्र लस द्यायला लागले तेव्हा कुठे माणसांतल्या केसेस एकदम खाली आल्या.

बाजार कायमचे बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. शहरातला बाजार बंद झाला की गाडी थांबत नाही, ती दुसरीकडे वळते, पक्षी कुठेतरी उतरणारच, आणि मग तो उतरतो जिथे आपण स्वॅब घ्यायला जात नाही. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

आता ते शेवटचं वाक्य, कालपासून इथेच असलेले पक्षी.

कोंबडी फार्मवरून येते तेव्हा बहुतेक वेळा स्वच्छ असते. हे आम्ही गाडीतून उतरतानाच स्वॅब घेऊन बघितलंय. लागण झाली की एकदोन दिवसांत ती व्हायरस सोडायला लागते. म्हणजे आज आलेली आज विकली गेली तर तिच्यात व्हायरस शिरला असला तरी पुढे द्यायला तिला वेळच मिळत नाही. पण संध्याकाळी चार पक्षी उरतात. उद्या पहाटे त्यांच्यातच नवीन चाळीस टाकले जातात. हे चार म्हणजे कालच्या आणि आजच्या मधला पूल. परवा या चाळीसातले पाच उरतात. असं करत बाजारातला प्रत्येक पक्षी बदलतो पण व्हायरसच्या दृष्टीने बाजार कधी रिकामा होतच नाही. हाँगकाँगने आधी २००१ मध्ये महिन्यातून एक दिवस सगळं रिकामं करून धुवायचा नियम आणला, २००३ मध्ये दोन दिवस केले, आणि २००८ पासून तर जिवंत कोंबडी रात्री बाजारात ठेवायलाच बंदी, आणि या पावलांनंतर एच९एन२ सापडण्याचं प्रमाण खूप खाली आलं. उलट उदाहरण अमेरिकेतलं, ईशान्येकडच्या जिवंत पक्ष्यांच्या बाजारांत एक एच७एन२ १९९४ मध्ये दिसला आणि २००६ पर्यंत टिकला, बारा वर्षं. कोंबडीचं बाजारातलं आयुष्य बारा दिवसांचं सुद्धा नसतं.

आमच्या बाजारात एक दिवस सफाईचा ठरवला तेव्हा मी धुण्याआधी, धुतल्यावर आणि दुसऱ्या दिवशी असे तीनदा स्वॅब घेतले. धुतल्यावर सुद्धा पिसं काढायच्या मशीनखालची ओली फरशी पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह आली आणि मला रडू यायचं बाकी होतं, इतक्या लोकांनी इतकं घासलं होतं. मग तेच अंड्यात टोचून बघितलं तर काही वाढलं नाही. पीसीआर मेलेल्या व्हायरसचा आरएनए पण दाखवतो. म्हणजे घासणं फुकट गेलं नव्हतं. हे मी मुद्दाम परत बाजारात जाऊन सांगितलं, कारण निकाल फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये राहिला तर त्या लोकांनी पुढच्या वेळी का घासायचं.

तिथल्या एका दुकानदाराने मला जे विचारलं ते कुठल्या पेपरात वाचलं नव्हतं. "मॅडम, उरलेल्यांना रात्री कुठे नेऊ? घरी नेल्या तर पोरं आहेत घरी." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही मिळून एवढंच ठरवलं की उरलेल्यांचा पिंजरा वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं, आणि सकाळी आधी त्या विकायच्या, मग नवीन उतरवायच्या. त्याने ते मनापासून केलं. शेजारच्या दोघांनी बघून केलं, बाकीच्यांनी नाही, जागाच नव्हती त्यांच्याकडे.

त्याच सुमाराला आम्ही पक्ष्यांच्या पायात रंगीत रिंगा घालायला लागलो, कुठला पक्षी किती दिवस राहतो ते बघायला. सोमवारी लाल, मंगळवारी निळी, बुधवारी हिरवी. एक कोंबडी मला अजून आठवते, एका डोळ्याच्या वर पांढरा ठिपका होता, म्हणून ओळखू यायची. बुधवारी पहाटे गाडीतून उतरल्या उतरल्या मी तिला हिरवी रिंग घातली, घसा आणि मागचा दोन्ही स्वॅब घेतले, दोन्ही निगेटिव्ह. गुरुवारी ती तिथेच, घशात सीटी ३४, म्हणजे असलंच तर नुकतं. शुक्रवारी पहाटे जाळीतून हात घातला तर हिरवी रिंग परत हाताला लागली, तोपर्यंत त्या पिंजऱ्यात निळी एकही उरली नव्हती आणि तिच्याभोवती सगळ्या नवीन, त्याच पाण्याच्या भांड्यावर झुंबड. ती खात होती, चपळ होती, वहीत तसंच लिहिलं. संध्याकाळी मशीनने घशाच्या ट्यूबला दाखवला १९.

मी लगेच बाजाराच्या पशुवैद्यकांना फोन केला. पण ती कोंबडी दुपारीच विकली गेली होती, आणि तिच्या पिंजऱ्यात त्या दिवशीच्या सहा उरल्या होत्या.